कॉल कापला आम्ही, गुण मिळवले तुम्ही

साहेब,

पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहवत नाही आणि ‘आदरणीय’ लिहायला अजून कारण मिळालेलं नाही. म्हणून नुसतं साहेब.

तुमच्या टेबलावर ठरावीक दिवशी एक तक्ता येतो. त्यात सर्कल, टॉवर, लागलेले कॉल, तुटलेले कॉल असे रकाने असतात आणि शेवटी टक्का असतो. तो दोनच्या आत आहे एवढं पाहून तुम्ही सही करता आणि तक्ता ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, जातो. तुम्ही एका मोबाइल कंपनीत आहात. तिचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर बाकीच्या कंपन्यांतले तुमचे जोडीदार हे पत्र बाजूला सारतील आणि त्यांनीही ते वाचायला हवं. माझा आरोप सरळ आहे. मेलेला कॉल तुम्ही जिवंत दाखवता. त्याला मूठमाती द्यायचं काम आमच्या अंगठ्याकडून करून घेता आणि तक्त्यात लिहिता, ‘ग्राहकाने कॉल संपवला.’

माझी आई गुहागर तालुक्यात राहते, समुद्रापासून एक डोंगर आत. पावसाळ्यात एका संध्याकाळी तिची साखर एकदम खाली गेली. शेजारच्या काकूंनी चिपळूणच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर सांगत होते, आधी साखरेचं पाणी पाजा, रात्रीचं इन्सुलिन आज... आणि तिथे आवाज गेला. फोनवर सेकंद पळत होते, सिग्नलच्या काड्या उभ्या होत्या आणि पलीकडून काही म्हणजे काही नाही. काकू हॅलो हॅलो करत अंगणात आल्या, गडग्यावर चढल्या आणि शेवटी त्यांनीच कॉल कापून पुन्हा लावला. ‘आज’च्या पुढे ‘देऊ नका’ होतं की ‘अर्धं द्या’, हे कळेपर्यंत त्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. आई त्यातून बरी झाली. पण तुमच्या तक्त्यात तो पहिला कॉल आजही यशस्वी कॉल म्हणून बसला आहे. कॉल लागला, काही वेळ चालला, ग्राहकाने संपवला. तुमच्या लेखी काकूंचं संभाषण आटोपलं होतं.

हे कसं होतं ते मला माझ्या धाकट्या दिरानं समजावलं. तो काही वर्षं ड्राइव्ह टेस्टच्या गाडीतून फिरला आहे. मांडीवर लॅपटॉप, समोर ओळीनं लावलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आणि रस्ताभर एकामागून एक आपोआप लागणारे कॉल. त्यानं मला २जीच्या यंत्रातला एक आकडा दाखवला. रेडिओ लिंक टाइमआउट. मोबाइल आणि टॉवर यांच्यात बोलणं चालू असताना आवाजाबरोबर एक बारीक निरोपही जात-येत असतो, दर ४८० मिलिसेकंदांना एक. निरोप वाचता आला नाही की फोनमधला गणक एकानं उतरतो, वाचता आला की दोनानं चढतो. शून्यावर आला की यंत्र म्हणतं, संपर्क तुटला. तोच तुमच्या रकान्यातला ड्रॉप. आता हा गणक कुठून सुरू करायचा ते कंपनी ठरवते. चारपासून चौसष्टपर्यंत कुठलाही चारच्या पटीतला आकडा चालतो. सोळा ठेवला तर निरोप पूर्ण थांबल्यावर सुमारे आठ सेकंदांत कॉल तुटतो. चौसष्ट ठेवला तर अर्धा मिनिट. दीर म्हणाला, “वहिनी, अर्धा मिनिट शांततेत फोन कानाला धरून बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.”

त्या अर्ध्या मिनिटात माणूस कॉल कापतो. आणि माणसानं कापला की तो ड्रॉप राहत नाही.

मोठा आकडा ठेवायला प्रामाणिक कारणही असतं, हे मला मान्य आहे. गाडी पुलाखालून गेली, घाटात एका वळणापुरता डोंगर आडवा आला, तर लगेच कॉल तोडू नये, दोन-चार सेकंदांत आवाज परत येईल. त्या हिशेबानं आकडा वाढवणारा इंजिनिअर ग्राहकाचाच विचार करतो. पण सपाट शहरात, जिथे डोंगर नाही की बोगदा नाही, तिथे अर्ध्या मिनिटाची शांतता कशासाठी राखून ठेवायची? ड्रॉप लपवण्यासाठी कंपन्या हा आकडा वाढवतात, हा प्रश्न २०१६ मध्ये ट्रायपर्यंत गेला होता आणि वर्तमानपत्रांत ठळकपणे छापूनही आला होता. तुम्हाला तेव्हापासून हे ठाऊक आहे. तेव्हापासून आजवर तुमच्या कंपनीनं आपल्या गणकाचे आकडे ग्राहकाला एकदा तरी सांगितले आहेत का?

तुमची जाहिरात मात्र नेहमी तंत्रज्ञानाच्या नावानं येते. आधी जीएसएम की सीडीएमए, मग ३जी, मग ४जी, आता ५जी. दर वेळी आम्हाला सांगितलं गेलं की मागचं जुनाट होतं आणि आता कॉल तुटणार नाही. म्हणून आज मी ही तंत्रज्ञानं एकमेकांशेजारी ठेवून बघणार आहे, केवळ कॉल टिकण्याच्या कसोटीवर. डाउनलोडचा वेग तुमच्याजवळच राहू द्या.

जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्‌झच्या एका पट्ट्यात वेळेचे आठ तुकडे पाडतात आणि एका तुकड्यात एक बोलणारा बसतो. एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना फोन पहिल्याशी संबंध तोडतो आणि मग दुसऱ्याशी जोडतो. मधला क्षण इतका लहान की कानाला कळू नये. पण दुसऱ्या टॉवरवर तुकडा रिकामा नसेल, किंवा पहिल्या टॉवरच्या शेजाऱ्यांच्या यादीत दुसऱ्याचं नावच कुणी घातलेलं नसेल, तर फोन अधांतरी राहतो. दीर सांगतो की त्याच्या कामातला मोठा भाग या विसरलेल्या शेजाऱ्यांना यादीत घालण्यात जायचा. म्हणजे कॉल तोडणारी गोष्ट पुष्कळदा तंत्रज्ञानात नसून कुणीतरी न भरलेल्या एका ओळीत असते. जीएसएमच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायलाच हवी. ९०० मेगाहर्ट्‌झची लाट लांब जाते, भिंतीतून शिरते आणि एका टॉवरची पोच नियमानं ३५ किलोमीटरपर्यंत धरलेली आहे. उघड्या माळावर आणि खाडीच्या पाण्यावर आमच्याकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं तिच्या भरवशावर फोन केले.

मग डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सनं सीडीएमए आणलं, टाटाही त्याच वाटेवर होते. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट मिळू लागला आणि ज्यांनी मोबाइलला हात लावला नव्हता त्यांच्या खिशात तो आला. सीडीएमएत सगळे एकाच पट्ट्यात एकदम बोलतात. प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळा संकेत असतो आणि त्यावरून यंत्र ज्याचा त्याचा आवाज वेगळा काढतं. टॉवर बदलताना फोन काही वेळ दोन्ही टॉवरांशी जोडलेला असतो. माडावर चढणारा पाडेली वरचा हात पक्का बसल्याशिवाय खालचा सोडत नाही, तसं. आमच्या घरी तेव्हा यांचा फोन सीडीएमएचा होता आणि माझा जीएसएमचा. मुंबईहून पुण्याला रेल्वेनं येताना बोगद्यांत दोघांचेही मुके व्हायचे. पण लोणावळा सोडून गाडीनं वेग घेतला की यांचं बोलणं चालू राहायचं आणि माझं दर थोड्या वेळानं तुटायचं. धावत्या गाडीत कॉल टिकवण्यात सीडीएमए सरस होतं. जीएसएमच्या जाहिरातींनी हे कधी कबूल केलं नाही.

त्याचा दोषही खरा होता. बोलणारे वाढले की टॉवरची हद्द आकसायची. सकाळी ज्या ओट्यावर आवाज स्वच्छ, संध्याकाळी गर्दीच्या वेळी त्याच ओट्यावर तो बुडायचा. गणपतीत, यात्रेत, एसटी स्टँडवर हे लोकांनी अनुभवलं आणि ‘याचं काही खरं नाही’ असं म्हटलं. त्यात हँडसेट कंपनीला बांधलेला. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय आली, पण सीडीएमएवाल्याला जीएसएमकडे जायचं तर फोनच टाकून द्यावा लागायचा. पुढे जगभरातली हँडसेटची बाजारपेठ दुसऱ्या बाजूला झुकली आणि इथेही सीडीएमए मावळलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या अखेरीस मोबाइलवरची बोलण्याची सेवा थांबवली, टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले. कॉल टिकवण्यात ते हरलं म्हणून गेलं, असं कुणी सांगितलं तर खुशाल खोडून काढा.

३जीबद्दल थोडक्यात. टॉवर बदलताना दोन्हीकडे धरून राहायची सीडीएमएची रीत ३जीनं घेतली, ती चांगली. पण ते मुख्यतः २१०० मेगाहर्ट्‌झवर आलं, आणि ती लाट चिऱ्याच्या जाड भिंतीत आणि लोखंडी सळयांच्या स्लॅबखाली दमते. खिडकीत ३जी, स्वयंपाकघरात काही नाही, अशी कित्येक घरं होती.

पण ३जीच्या काळातली एक गोष्ट तुम्हाला आठवण करून द्यायची आहे. २०१० च्या लिलावात सरकारला ६७ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले आणि एकाही खाजगी कंपनीला सगळ्या सर्कलचा पट्टा मिळाला नाही. मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी आपसात ठरवलं की जिथे माझा पट्टा नाही तिथे माझा ग्राहक तुझ्या टॉवरवर बोलेल. दूरसंचार विभागानं हे बेकायदा म्हटलं. कंपन्या भांडल्या, न्यायाधिकरणात गेल्या आणि २०१४ मध्ये जिंकल्या. आपला ग्राहक दुसऱ्याच्या टॉवरवरून बोलवता येतो, त्याला यंत्राची अडचण नाही, बिलाची अडचण नाही, हे तुम्ही स्वतः न्यायाधिकरणात सिद्ध केलेलं आहे. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा याकडे येणार आहे.

४जी मुळात बोलण्यासाठी आलंच नाही, ते डेटासाठी आलं. सुरुवातीच्या काळात ४जी फोनवर कॉल आला की फोन ४जी सोडून खाली २जी किंवा ३जीवर उतरायचा, तिथे टॉवर शोधायचा आणि मग वाजायचा. त्यात काही सेकंद जायचे आणि वाटेत कॉल हरवायचाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली ती थेट व्होल्टी घेऊन. म्हणजे आवाजही डेटाच्या पाकिटांतून. खाली उतरायला तिच्याकडे २जी-३जी नव्हतंच. तेव्हा काय झालं ते ग्राहकांच्या अजून लक्षात आहे. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत कॉल जाण्यासाठी जोडण्या लागतात, त्या पुरेशा दिल्या गेल्या नाहीत आणि कॉल लागेनासे झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. हवेतल्या लाटांचा त्यात काही दोष नव्हता. दोन इमारतींमधल्या तारेवरून कंपन्या भांडत होत्या आणि ज्यांचे कॉल लागत नव्हते ते दोन्हीकडचे ग्राहक होते.

व्होल्टीचा आवाज सुंदर आहे, हे मी मनापासून लिहिते. जुन्या फोनवर आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच भाग जायचा. व्होल्टीत तो साधारण ७,००० हर्ट्‌झपर्यंत जातो. ‘स’ आणि ‘फ’ ओळखू येतात, आईचा श्वास लागला आहे हे तिनं न सांगता समजतं. पण त्याची रचना नीट बघा. दर वीस मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पाकीट होतं. पाकीट वेळेवर आलं नाही तर ते टाकून द्यावं लागतं, कारण उशिरा आलेल्या आवाजाचा संभाषणात उपयोग नाही. थोडी पाकिटं हरवली तर यंत्र भर घालतं. ओळीनं हरवली की शांतता. जोडणी कागदावर शाबूत, सेकंद चालू, आवाज नाही. जुन्या तंत्रज्ञानात कॉल उशिरा का होईना तुटायचा आणि निदान कळायचं तरी. नव्यात तो मुका होतो, आणि मुका कॉल तुमच्या ड्रॉपच्या रकान्यात मावत नाही. कॉल ड्रॉपचा टक्का वर्षांमागून वर्षं का सुधारतो आणि आम्ही अजून हॅलो हॅलो का ओरडतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

ट्रायला हे समजलं. २०१८ च्या ऑक्टोबरपासून व्होल्टीच्या हरवलेल्या पाकिटांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं, असा नियम झाला. पाऊल योग्य होतं. पण तिथेही सरासरी आली. हजारो लोकांच्या लाखो पाकिटांत काकूंची ओळीनं गेलेली पाकिटं मिसळली की त्यांची शांतता टक्क्याच्या कुठल्यातरी दशांशात जाऊन बसते. पाच-दहा सेकंद सलग आवाज गेला असे कॉल किती, हा प्रश्न ग्राहकाचा आहे. तुम्ही त्याचं उत्तर देत नाही. यंत्राकडे त्याची नोंद असते, कारण पाकिटाला क्रमांक असतो आणि कुठली पाकिटं आली नाहीत हे त्यावरून कळतं.

आता ५जी. १ ऑक्टोबर २०२२ ला ते सुरू झालं आणि फोनच्या कोपऱ्यात नवा आकडा आला. तो पाहून ग्राहकाला वाटतं की आपला कॉल ५जीवरून चालला आहे. अनेकांच्या बाबतीत तसं नसतं. ज्या जाळ्यात ५जी हे ४जीच्या खांद्यावर उभं आहे, तिथे बोलणं ४जीवरूनच होतं. ज्या जाळ्याचा कणा स्वतंत्र आहे तिथेही अनुकूल जागी आवाज ५जीवर राहतो, नाहीतर कॉलच्या वेळी फोन ४जीवर उतरतो. वर ३,३०० मेगाहर्ट्‌झची लाट, जी ९०० च्या मानानं भिंतीपुढे पार लुळी पडते. कॉल टिकण्यासाठी ५जी घ्या, असं कुणी दुकानदार सांगत असेल तर त्याला एवढंच विचारा की आवाज कुठून जातो.

घरात सिग्नल नसेल तर वायफायवरून कॉल करा, हा सल्लाही तुमच्याच लोकांचा. डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये एअरटेल आणि जिओनं ती सोय आणली. ती चालते, चांगली चालते. पण घरात ब्रॉडबँड आम्ही विकत घ्यायचं, त्याचा राउटर इन्व्हर्टरवर आम्ही चालवायचा, त्यावरून तुमचा कॉल न्यायचा आणि घरात तुमचा टॉवर पोचत नाही हे तुमच्या तक्त्यातून नाहीसं व्हायचं. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड नाही त्यांनी गडग्यावर चढावं.

मग सगळ्यांत भरवशाचं कुठलं? मी माझा निकाल देते. धावत्या गाडीत दोन्ही टॉवर धरून ठेवणारी सीडीएमए-३जीची रीत उत्तम होती. दूरवरच्या एकट्या टॉवरखाली ९०० वरचं २जी. आवाजाच्या गुणात व्होल्टी, आणि तेही ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झसारख्या खालच्या पट्ट्यावर असेल तर पोचही चांगली. ५जीचा कॉल टिकण्याशी संबंध अजून थोडा आहे. आणि या सगळ्यांहून मोठा फरक पडतो तो टॉवर किती आहेत, ते फायबरनं जोडलेले आहेत की नुसते एकमेकांकडे तोंड केलेल्या तबकड्यांनी, त्यांची बॅटरी वीज गेल्यावर किती तास चालते आणि शेजाऱ्यांची यादी शेवटची कुणी कधी तपासली, याचा. निसर्ग वादळानंतर २०२० च्या जूनमध्ये रायगड-रत्नागिरीत वीज गेली आणि टॉवर पटापट मुके झाले, तेव्हा लोक आप्तांचा एक निरोप मिळवायला मैलोन्‌मैल जात होते. कुठल्या टॉवरवर ‘जी’च्या आधी कुठला आकडा होता, याची तेव्हा कुणी चौकशी केली नाही.

तुमची बाजूही मला माहीत आहे. सोसायटीला पाचही काड्या हव्या असतात पण गच्चीवर टॉवर नको असतो. भारतानं सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तरी ‘टॉवरमुळे कॅन्सर होतो’ म्हणून अर्ज पडतात आणि टॉवर उतरवले जातात. मुंबईच्या भुयारी मेट्रोत लोक फोन मुका घेऊन प्रवास करत होते, कारण आत यंत्रणा कुणी आणि कुठल्या दरानं लावायची यावर एकमत नव्हतं. हे सगळं खरं आहे. आपल्या गच्चीवर टॉवर नको आणि घरात सिग्नल हवा म्हणणाऱ्यांना मी तुमच्या बाजूनं चार शब्द सुनवायला तयार आहे. पण टॉवर उतरवला गेला तर तुमच्या तक्त्यात ड्रॉप वाढायला हवा होता ना? तो वाढत नाही. याचा अर्थ तक्ता खोटं सांगतो.

आणि त्या तक्त्यामागे तुम्ही कसे लपलात ते देशानं पाहिलं आहे. ट्रायनं ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम केला की १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. तीन रुपये. त्या तीन रुपयांविरुद्ध कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या, मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ११ मे २०१६ ला तिथे नियम रद्द झाला. न्यायालयानं जे म्हटलं त्यात एक मुद्दा असा होता की दोन टक्क्यांपर्यंत ड्रॉप ट्रायचाच नियम चालवून घेतो, तर तो नियम पाळणाऱ्या कंपनीकडून प्रत्येक ड्रॉपचा दंड घेणं मनमानी ठरतं. न्यायालयासमोर जो नियम होता त्यावर तो निकाल झाला. पण दोन टक्के ही सेवेची मर्यादा होती, साहेब. तुम्ही तिची ढाल केलीत.

दोन टक्के कशाचे, हेही वाचकांना सांगायला हवं. मुंबई वेगळं सर्कल आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. हिंजवडी आणि भामरागड एकाच सरासरीत. पणजी आणि आईचा डोंगर एकाच सरासरीत. २०१७ मध्ये ट्रायनं हे सुधारायचा प्रयत्न केला, किती टॉवर किती दिवस मर्यादेत राहिले ते मोजायला लावलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम आले. त्यांनी मोजमाप आणखी बारीक केलं, कुठे कुठलं तंत्रज्ञान पोचतं त्याचा नकाशा कंपनीनं संकेतस्थळावर लावणं बंधनकारक केलं आणि दंड दहा लाखांपर्यंत नेला. यातली प्रत्येक सुधारणा ट्रायला तुमच्या मागे लागून करावी लागली. तुमच्यापैकी कुणी आपणहून एक तरी मोजमाप कडक केल्याचं मला दिसलं नाही. ग्राहकाला थेट विचारायचं काम सरकारनं केलं. डिसेंबर २०१६ मध्ये दूरसंचार विभागानं १९५५ या क्रमांकावरून लोकांना फोन करून विचारायला सुरुवात केली की तुमचा कॉल तुटतो का, आणि पहिल्या ठिकाणांत मुंबई आणि गोवा होते. तुमच्याकडे आमचा नंबर पहिल्या दिवसापासून आहे. नवा प्लॅन विकायला त्यावर रोज फोन येतो. मुका झालेल्या कॉलनंतर ‘बोलणं पूर्ण झालं का’ हे विचारायला एकदाही आला नाही.

आता मागे राखून ठेवलेली गोष्ट. चक्रीवादळ आलं की दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांची जाळी खुली करायला सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय गुजरातला धडकलं तेव्हा हेच केलं गेलं. एका कंपनीचा टॉवर पडला तर तिचा ग्राहक दुसरीच्या टॉवरवरून बोलला. यंत्र तयार आहे, पद्धत तयार आहे, २०१४ मध्ये तुम्ही ते न्यायाधिकरणात जिंकून घेतलेलं आहे. मग कुंभार्ली घाटात, आंबा घाटात, कसाऱ्यात, जिथे एका वळणावर एका कंपनीचा सिग्नल आहे आणि पुढच्या वळणावर दुसरीचा, तिथे बारा महिने का नाही? तिथे अपघात झालेल्या माणसाला वादळाची वाट बघायला सांगणार का?

माझ्या मागण्या तीन आहेत. सलग पाच सेकंदांहून जास्त मुका राहिलेला आणि त्यानंतर लगेच ग्राहकाने कापलेला कॉल ड्रॉप म्हणून मोजा. प्रत्येक टॉवरवर तुमचा टाइमआउट किती आहे ते नकाशावर लिहा. आणि घाटरस्त्यांवर जाळी एकमेकांना खुली करा. ४जी आणि ५जीसाठी अनेक ठिकाणी २जीचा पट्टा कमी केला जातो आणि माझ्या आईसारख्या कीपॅडवाल्यांचं बोलणं आणखी पातळ होतं. त्यांना नवा फोन घ्या म्हणून सांगायच्या आधी या तिन्ही गोष्टी करून दाखवा. यातल्या एकाही मागणीला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आवाज गेला आणि तातडीचं काही नसेल, तर कॉल कापू नका. फोन टेबलावर ठेवा आणि यंत्राला तोडू द्या. मग तो ग्राहकाने संपवलेला कॉल म्हणून लिहिता येणार नाही. त्यानंतर तारीख, वेळ आणि जागा लिहून कंपनीच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. अपील ऐकणं कंपनीवर नियमानं बंधनकारक आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.